कड मोडण्याआधी

इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या तळाशी एक टीप हमखास असते: सगळ्या धारदार कडा मोडा. भोसरीच्या टूलरूममध्ये माझी उमेदीची वर्षं त्यातच गेली. मशीनवरून जॉब उतरला की कानस मारायची, कडेला उरलेली धातूची बर काढायची, मगच तो दुसऱ्याच्या हातात द्यायचा. आता सोसायटीचे हिशेब लॅपटॉपवर करतो, तर त्याच्या धारदार कडेने मनगटावर लाल रेघ उठते.

कारखान्याची ही हयगय नव्हे. अखंड अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून सीएनसीवर कोरलेली लॅपटॉपची बॉडी अॅपलने २००८ साली आणली आणि धातूच्या बॉडीची हौस वाढली. रेघ रेखीव दिसावी म्हणून कडेची गोलाई जेमतेम ठेवतात, आणि नेमके तिथेच आपले हात टेकतात. हाताचा भार तळव्यावर पसरला तर जाणवत नाही. तोच बारीक कडेवर आला की रुततो. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून नऊ स्नायुबंध आणि एक मुख्य नस जाते. तिथे सतत दाब बरा नाही.

म्हणून आधी बैठक बदला. जेवणाचं टेबल साधारण अडीच फूट उंच असतं. खुर्ची बुटकी असली तर मनगट कडेवर लोंबतं. उशी घेऊन कोपर टेबलाच्या पातळीला आणा. जास्त वेळ काम असेल तर वेगळा कीबोर्ड जोडा, मग कडेला हातच लागत नाही.

कड टोचतेय की झिणझिण्या येताहेत, हेही तपासा. चार्जर काढल्यावर झिणझिण्या थांबल्या तर दोष धारेचा नाही. दोन पिनांच्या चार्जरमधून किंचित करंट धातूच्या बॉडीत उतरतो. कंपनीची तीन पिनांची वायर आणि नीट अर्थिंग असलेला सॉकेट वापरला की बहुधा हा त्रास जातो.

कडेवर पट्टी चिकटवायची तर पातळच घ्या. जाड पट्टीमुळे झाकण मिटताना स्क्रीनच्या काचेवर दाब येतो.

कानस सगळ्यात शेवटी. त्याने वॉरंटी जाऊ शकते आणि अॅनोडायझिंगचा रंगीत थर निघून पांढरी रेघ कायमची दिसते. तरीही करायचंच, तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. कीबोर्ड, स्पीकरची जाळी, सगळी भोकं मास्किंग टेपने बुजवा. अॅल्युमिनियमच्या भुकटीतून वीज वाहते, आत गेली तर शॉर्ट सर्किट होऊ शकतं. बारीक कानस हलक्या हाताने, मग चारशे आणि सहाशे नंबरचा पॉलिश पेपर. ओल्या फडक्याने भुकटी टिपून घ्या आणि टेप सर्वांत शेवटी काढा. प्लास्टिकवर मुलामा असेल तर या फंदात पडू नका.

पुढचा लॅपटॉप घेताना दुकानातच बसून पानभर टाइप करा. विक्रेता रॅम आणि प्रोसेसर सांगेल. मनगट टेकवून बघणं आपलं काम.