विवर्धकातील शक्तिनलिकांची अदलाबदल : ६एल६जीसी व ईएल३४

ध्वनिविवर्धकातील एक व्हॉल्व्ह काढून दुसरा बसविताना पिना जुळतात एवढाच निकष बहुधा लावला जातो. ६एल६जीसी व ईएल३४ हे दोन्ही आठ पिनांच्या एकाच सॉकेटमध्ये बसतात. तथापि हे साम्य फसवे आहे. दोहोंचे तापक ६.३ व्होल्टवरच चालतात, मात्र पहिल्यास ०.९ अँपिअर, तर दुसऱ्यास १.५ अँपिअर प्रवाह लागतो. चार व्हॉल्व्हच्या विवर्धकात ही वाढ २.४ अँपिअर होते. तेवढी क्षमता नसलेले रोहित्र तापून जळू शकते, आणि रोहित्र बदलणे व्हॉल्व्हपेक्षा पुष्कळच खर्चिक ठरते. शिवाय ईएल३४चे निरोधक जालक पहिल्या पिनेवर असते. ती आठव्या, म्हणजे ऋणाग्राच्या पिनेस जोडावी लागते. ६एल६जीसीमध्ये पहिली पिन निरुपयोगी असल्याने काही उत्पादक सॉकेटवरील त्या जागी भलताच रोध जोडतात. तो आधी हलवावा लागतो.

उलट बदल अधिक धोक्याचा. ईएल३४साठी योजलेला स्थिर ऋण बायस ६एल६जीसीस अपुरा पडतो. प्रवाह वाढून धनाग्र लाल होते. बायस ऋणाग्रातील रोधाद्वारे मिळत असल्यास मात्र हा दोष काही अंशी आपोआप सावरला जातो.