इटारसीचा फाटा

गोरखपूरला जाणाऱ्या, कल्याणला थांबणाऱ्या गाड्यांपैकी दोन घ्या. एक काशी एक्सप्रेस, दुसरी कुशीनगर एक्सप्रेस. दोन्ही लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटतात, कसाऱ्याचा घाट चढतात, मनमाड-भुसावळ करत इटारसीपर्यंत एकाच मार्गाने जातात. दोन्हींच्या डब्यांवरच्या पाटीत शेवटचं नाव गोरखपूर. पण इटारसीला काशी उजवीकडे वळते आणि जबलपूर, सतना, प्रयागराज, वाराणसी, मऊ अशी जाते. कुशीनगर सरळ उत्तर धरते: भोपाळ, झाशी, कानपूर, लखनौ, गोंडा, बस्ती. मऊचा माणूस चुकून कुशीनगरमध्ये बसला, तर त्याचं गाव वाटेत येतच नाही. गोरखपुरात उतरून, भटनीमार्गे त्याला पुन्हा मागे यावं लागतं.

भिवंडीत ही चूक करणारा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. इथल्या यंत्रमागांवर काम करणारे कितीतरी कारागीर पूर्व उत्तर प्रदेशातून आलेले. मऊ आणि आझमगड हा तर मुळातच विणकरांचा मुलूख. ईदला, लग्नसराईला, शेताच्या कामाला गावी जायचं, तर तिकीट काढून देणारा विचारतो, "कुठलं? गोरखपूर?" आणि माणूस हो म्हणतो, कारण गोरखपूर हे त्याच्या ओळखीचं सगळ्यांत मोठं नाव असतं. त्याला विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे: इटारसीहून कुठल्या अंगाला?

हे दोन मार्ग मी एकदा तिकिटाच्या पाठीमागे काढून पाहिले. इटारसीपर्यंत एक रेघ, मग दोन, आणि गोरखपूरला पुन्हा एक. मध्ये डोळ्याच्या आकाराची जागा उरली. वरच्या पापणीवर लखनौ, गोंडा, बस्ती. खालच्या पापणीवर प्रयागराज, वाराणसी, मऊ. चार-पाच रेघांचं ते चित्र ज्याला दाखवलं त्याला क्षणात कळलं. त्यानंतर स्थानकावरच्या मोठ्या नकाशाकडे मी वेगळ्या नजरेने बघू लागलो.

तो नकाशा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. भारताचा आकार, त्यावर मुंग्यांच्या रांगांसारखे रूळ, आणि प्रत्येक विभागाला वेगळा रंग. मध्य रेल्वे एका रंगाची, पश्चिम मध्य दुसऱ्या, उत्तर मध्य तिसऱ्या. रेल्वेच्या कारभाराला हा रंग हवा, कुठल्या रुळाची देखभाल कोणाकडे हे त्यातून कळतं. प्रवाशाला त्याचा काय उपयोग? काशी एक्सप्रेस वाटेत चार-पाच विभागांतून जाते; प्रवाशाला ते कळतही नाही आणि कळायची गरजही नाही. त्याच्या डोळ्यांपुढचा रंग त्याच्या गाडीचा असायला हवा. नकाशात नेमका तोच नसतो.

मार्गचित्राचा विषय निघाला की लंडनच्या भुयारी रेल्वेचं उदाहरण येतंच. हॅरी बेक हा अभियांत्रिकी आराखडे काढणारा माणूस. त्याने १९३१ मध्ये सगळे मार्ग आडव्या, उभ्या आणि पंचेचाळीस अंशांच्या रेघांत बसवले, अंतरं सारखी केली, जमिनीवरचा भूगोल बाजूला ठेवला. १९३३ मध्ये ते चित्र छापलं आणि लोकांनी उचलून धरलं. मुंबईतही पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. मंदार राणे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी लोकलचं मार्गचित्र याच विचाराने नव्याने आखलं. पण बेकची युक्ती देशभराच्या गाड्यांना जशीच्या तशी लावता येत नाही. भुयारी रेल्वेत एका रंगाची रेघ म्हणजे दर काही मिनिटांनी येणारी, प्रत्येक स्थानकावर थांबणारी गाडी. तिथे रूळ आणि गाडी यांत फरकच नसतो. लांब पल्ल्यात तो फरक जमीन-अस्मानाचा आहे. कल्याण ते इटारसी या एका रुळावरून वाराणसीची, पाटण्याची, लखनौची, दिल्लीची, जबलपूरची गाडी जाते. कुणी रोज, कुणी आठवड्यातून एकदा; कुणी नाशिकला थांबते, कुणी भुसावळपर्यंत कुठेच नाही. प्रत्येक गाडीला वेगळी रेघ दिली तर कल्याणपाशी दोरखंड तयार होतो. सगळ्यांना मिळून एकच रेघ दिली, तर ते चित्र पाहून मऊचा माणूस पुन्हा लखनौला पोचतो.

म्हणून या कलेतला पहिला निर्णय रंगाचा नाही, अक्षरांचाही नाही. रेघ म्हणजे काय, हे आधी ठरवावं लागतं.

स्वित्झर्लंडने याचं उत्तर वेळापत्रकातूनच काढलं. १९८२ पासून तिथे देशभर दर तासाला ठरलेल्या मिनिटाला गाडी सुटते. त्यामुळे त्यांच्या आखणीकारांच्या चित्रात एक रेघ म्हणजे तासाला एक गाडी, आणि प्रत्येक जंक्शनच्या चौकोनाशी बारीक आकडे: किती मिनिटांनी येते, किती मिनिटांनी निघते. देशाची रेल्वे एका पानावर वाचता येते. आपल्याकडे हे चालणार नाही. सुमारे ६९ हजार किलोमीटर मार्ग, सात हजारांहून अधिक स्थानकं आणि आठवड्याच्या वारांवर धावणाऱ्या गाड्या हे तासाच्या चौकटीत बसत नाही.

आपलं उत्तर मला आपल्याच जुन्या नकाशांत दिसतं. त्यांत रेघेची जाडी गेजप्रमाणे असे. ब्रॉडगेज जाड, मीटरगेज बारीक, नॅरोगेज केसासारखी. वरवर पाहता ही रुळांच्या रुंदीची तांत्रिक नोंद. पण मनमाडला जाड रेघेतून बारीक रेघ फुटून औरंगाबाद, नांदेडमार्गे हैदराबादकडे निघाली की शाळेतलं पोरही सांगे, इथे गाडी बदलायची. सामान खाली, हमाल, दुसरा फलाट. प्रवाशाला जिथे काहीतरी करायचं आहे, तिथे रेघेनेच आवाज दिलेला असे. १९९२ पासून देशभर एकच गेज करायचं काम जोरात सुरू झालं, बहुतेक मीटरगेज गेलं, मुंबईहून मनमाडमार्गे निजामाबादकडे गाडी थेट जाऊ लागली. भिवंडीतल्या तेलुगू विणकर कुटुंबांसाठी तो मोठा दिलासा होता. नकाशाने मात्र तेवढीच मोठी गोष्ट गमावली. सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या झाल्या आणि बोलेनाशा झाल्या.

लांब पल्ल्याचं मार्गचित्र फाट्यांचं असावं, असं माझं ठाम मत आहे. मुंबईहून उत्तरेला निघालेल्या माणसाला चार-पाच ठिकाणी निर्णय असतो. कल्याणला: कसारा की कर्जत, म्हणजे नाशिक की पुणे. मनमाडला: पुढे की मराठवाड्याकडे. भुसावळला: इटारसी की नागपूर. इटारसीला: भोपाळ की जबलपूर. एवढी वळणं मोठी काढायची, त्यांच्यामधली लांब अंतरं दाबून आखूड करायची, आणि एका फाट्यानंतर एका अंगाला जाणाऱ्या सगळ्या गाड्यांना मिळून एक रंग द्यायचा. भुसावळ-इटारसीमधली खांडव्याची वाट कागदावर दोन बोटं झाली तर बिघडत नाही. इटारसीचा फाटा नखाएवढा झाला तर सगळं बिघडतं.

यात काही हरवतं, तेही सांगायला हवं. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट. ३७ ला १ असा चढ, मागून जादा इंजिनं लावून गाडी वर ढकलावी लागते. १८६५ मध्ये हा घाट खुला झाला, तेव्हा तो त्या काळातलं मोठं अभियांत्रिकी काम होता. फाट्यांच्या चित्रात तो बोटभर सरळ रेघ होतो. ज्याला हे सगळं हवं आहे, बोगदे, प्रत्येक छोटा थांबा, त्याच्यासाठी समित रॉयचौधुरी यांचा 'द ग्रेट इंडियन रेल्वे ॲटलस' आहे. २००५ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. तो ॲटलस माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. पण ॲटलसची थोरवी काहीही न गाळण्यात असते, आणि मार्गचित्राची थोरवी काय गाळलं यात.

घाट दिसायचा तो तिसऱ्याच एका चित्रात दिसतो आणि ते प्रवाशांपुढे कधी येत नाही. नियंत्रण कक्षातला सेक्शन कंट्रोलर चार्टवर गाड्या ओढतो. उभ्या बाजूला स्थानकं, आडव्या बाजूला वेळ. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. वेगाने जाणारी उभट, रेंगाळणारी आडवी. घाटात रेघ झुकते, थांब्यावर सपाट होते. कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे स्थानक असावंच लागतं, कारण तिथेच क्रॉसिंग होणार. एक गाडी बाजूच्या रुळावर उभी राहून दुसरीला वाट देणार. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये एतिएन-ज्युल मारे यांनी पॅरिस ते ल्याँ या मार्गाचा असाच आलेख आपल्या पुस्तकात छापला होता. आता हे काम संगणकावर होतं. पण ज्यांनी पट्टी आणि पेन्सिल घेऊन हे चार्ट वर्षानुवर्षं काढले, त्यांच्या हाताला देशाची रेल्वे जितकी कळली, तितकी फार थोड्यांना कळली असेल. उशीर झालेल्या गाडीची रेघ हलवली की मागच्या चार गाड्यांच्या रेघा हलतात, हे त्यांना न मोजता दिसायचं.

आता अक्षरांचं. परदेशी मार्गचित्रांची पुस्तकं यात आपल्या फार कामी येत नाहीत, कारण त्यांच्या लिपीला शिरोरेषा नाही. देवनागरीत नाव लिहिलं की त्याच्या डोक्यावर एक आडवी रेघ आपोआप येते, आणि आपण तर रेघांचंच चित्र काढत असतो. मार्गाची रेघ बारीक असेल आणि 'मनमाड' हा शब्द तिला खेटून लिहिला, तर शिरोरेषा रुळासारखी दिसते. जणू मनमाडहून आणखी एक गाडी आडवी निघाली आहे. नाव थोडं दूर न्यावं, तर वरच्या वेलांट्या, रफार, अनुस्वार दुसऱ्या मार्गात घुसतात. तिरक्या रेघेवर तिरकं लिहिलं तर जोडाक्षरं वाचवत नाहीत. पवईच्या त्याच केंद्रात शिकवलेल्या र. कृ. जोशींनी देवनागरीच्या वळणांवर आयुष्य घालवलं. संगणकावरचा 'मंगल' हा टंक त्यांचाच. अक्षराचं वजन आणि रेघेचं वजन यांचं नातं त्यांच्याकडून शिकावं. माझा स्वतःचा अनुभव असा की मार्गाची रेघ अक्षराच्या दांड्याच्या निदान तिप्पट जाड ठेवली की घोळ मिटतो. त्यात पुन्हा नावं लांबत चालली आहेत. मुगलसरायचं पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन झालं. एका ठिपक्याशेजारी एवढं नाव लावायचं तर आजूबाजूची दोन स्थानकं सरकवावी लागतात.

आणि भिवंडी? देशाच्या या चित्रात भिवंडी कुठे येते, हा प्रश्न मी सगळ्यांत शेवटी ठेवला, कारण तो सगळ्यांत अवघड आहे.

१८५४ मध्ये ठाण्याहून कल्याणला रूळ गेले ते उल्हास नदीच्या दक्षिणेकडून. भिवंडी पलीकडे, उत्तरेला राहिली. पुढे वसई-दिवा मार्ग आला आणि अंजूरफाट्याजवळ भिवंडी रोड हे स्थानक झालं. रेल्वेच्या भाषेत त्याचा संकेत 'बर्ड', म्हणजे पाखरू. गुजरात-राजस्थानहून कोकण-केरळला जाणाऱ्या गाड्या इथून जातात, गोदामांचा माल पार्सल गाड्यांतून लांबवर जातो. पण शहरातल्या माणसासाठी दिवसभरात मोजक्याच गाड्या. त्यांतली एक पकडून तो कोपरला उतरतो. कोपरला वसई-दिव्याचे रूळ वरून जातात आणि मुख्य मार्ग खालून. साध्या नकाशात तिथे दोन रेघांची फुली दिसते, आणि फुली पाहून कुणालाच कळत नाही की इथे गाडी बदलता येते की रूळ नुसतेच एकमेकांवरून जातात. म्हणून तिथे फुलीऐवजी जोडवर्तुळ हवं, आणि शेजारी एक छोटा जिना. जिना उतरून धीम्या लोकलने कल्याण, आणि कल्याणहून देश.

खरं तर बहुतेक लोक तेही करत नाहीत. ते बोचकी, सुटकेस, पोरं घेऊन एसटीने नाहीतर रिक्षाने थेट कल्याण गाठतात. मे २०२० च्या पहिल्या दिवसांत, टाळेबंदीत, एकदा मात्र गोरखपूरची गाडी स्वतः त्यांच्याकडे आली. भिवंडी रोडहून श्रमिक विशेष गाडी सुटली. सुरुवातीच्या त्या गाड्यांना प्रवासी उतरण्यासाठी मध्ये थांबे नव्हते, म्हणून मऊ काय, बस्ती काय, सगळ्यांना गोरखपूरलाच उतरणं भाग होतं. वरच्या पापणीची माणसं आणि खालच्या पापणीची माणसं त्या फलाटावर एका रांगेत उभी होती.

माझ्या कागदावर भिवंडी ते कल्याण मी ठिपक्यांची रेघ काढली आहे. रुळांच्या मार्गचित्रात रस्ता दाखवू नये, असा संकेत आहे. पण भिवंडीच्या माणसाचा गोरखपूरचा प्रवास कल्याणच्या फलाटावर सुरू होत नाही, तो एसटी स्टँडवर सुरू होतो. ठिपके पेन्सिलने काढले आहेत. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं काम चालू आहे. ती कल्याणला पोचली की ते खोडून तिथे शाईची रेघ ओढायची आहे.