धूर कुठून काढायचा? जुन्या ट्रॅक्टरचं उभं धुराडं

मंडळी, आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, सरांचं काहीतरी बिनसलं. आयुष्यभर न्यायदर्शन शिकवलं आणि आता ट्रॅक्टरच्या सायलेन्सरवर बोलणार! पण न्यायशास्त्रातलं सगळ्यात घासलेलं उदाहरण आठवा. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. नैयायिक लगेच बजावतात, की हे उलटं करू नका. अग्नी असला की धूर असेलच असं नाही. लोखंडाचा तापलेला गोळा घ्या. त्यात अग्नी आहे, धूर नाही. हे मी वर्गात तीस वर्षं सांगितलं, आणि तो गोळा आमच्याच काजूच्या बागेत फिरतोय हे माझ्या लक्षात आलं नाही.

माझ्या धाकट्या भावाकडे एक जुना ट्रॅक्टर आहे, तीन सिलिंडरचा, सेकंडहँड घेतलेला. त्याचा धुराचा पाईप मूळचाच पोटाखालून मागे गेलेला. मार्च महिना, कातळावरचं गवत वाळून कोळ झालेलं, काजूखाली पातेऱ्याचा थर. भाऊ ट्रॉली भरायला थांबला, इंजिन चालूच ठेवलं. सायलेन्सरला चिकटलेला पातेरा आतल्या आत तापत राहिला आणि पेटला. वेंगुर्ला ४ ची सात कलमं गेली. ती दहा वर्षांची होती, भरात आलेली. आग विझवताना भावाचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्यानंतर तो म्हणाला, ‘दादा, हा पाईप वर काढायचा.’

पाईप खालून नेणाऱ्यांना मूर्ख समजू नका. इंग्लंडमध्ये १९४६ पासून जो फर्ग्युसन टीई-२० निघाला, त्याचं धुराडं खालूनच होतं. उभा पाईप हवा असेल तर तो वेगळा घ्यावा लागे. बागेत, फांद्यांखाली, बुटक्या गोठ्यात खालचा पाईपच बरा. पण वाळलेलं गवत, पेंढा, मळणी असली की वरचा बरा. म्हणजे प्रश्न यंत्राचा नाही, तुमच्या कामाचा आहे.

वरच्या पाईपचा आणखी एक फायदा मला नंतर कळला. धूर डोळ्यांसमोर येतो. काळा आला तर डिझेल जास्त किंवा हवा कमी, एअर फिल्टर बघा. निळा आला तर ऑईल जळतंय. पांढरा आणि थांबत नसेल तर डिझेल नीट जळत नाही, नाहीतर पाणी आत शिरतंय. खालच्या पाईपात हे सगळं मागच्या मागे जातं, किंवा मागे उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत जातं. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली स्पष्ट म्हटलं आहे. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका, पाईप वर असो की खाली.

आता प्रत्यक्ष काम. आधी मॅनिफोल्ड बघायचा, म्हणजे इंजिनाच्या हेडला लागून असलेला, सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र करणारा बिडाचा भाग. त्याचं तोंड खाली असेल तर नुसता पाईप वाकवून भागत नाही. वर तोंड असलेला, त्याच मॉडेलचा मॅनिफोल्ड मिळाला तर सर्वांत उत्तम. जुना उलटा बसवता येईल असं वाटतं, पण बोल्टची भोकं बहुधा जुळत नाहीत. बिडाला घरगुती वेल्डिंग करायला जाऊ नका, थंड होताना तडा जातो.

खरी परीक्षा स्टडची. चाळीस वर्षं तापून, खाऱ्या हवेत गंजून ते हेडमध्ये एकजीव झालेले असतात. आमच्या फिटरने आदल्या रात्री तेल सोडून ठेवलं, सकाळी नट गॅसने लाल केला आणि मग पाना लावला, थोडं पुढे, थोडं मागे. तरी एक तुटलाच. ड्रिल करून काढण्यात अर्धा दिवस गेला. घाई केली असती तर हेडच गेलं असतं.

नवा पाईप जुन्यापेक्षा बारीक नको, बेंड कमीत कमी हवेत, नाहीतर धूर अडून इंजिन तापतं. त्याला आधार इंजिनाचाच द्यायचा. बॉनेटला बांधलात तर दोघं वेगवेगळे थरथरतात आणि पाईप तुटतो. डिझेलची टाकी आणि नळ्या जवळ असतील तर मध्ये पत्रा हवा. तोंड चालवणाऱ्याच्या डोक्याच्या वर हवं. रस्त्यावर चालणाऱ्या, नोंदलेल्या ट्रॅक्टरमध्ये असा बदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांबद्दलच आहे.

सगळं ठरलं तेव्हा फिटरने विचारलं, ‘सर, पाईप वर काढलात तर पावसाचा पाणी खंय जातला?’ मी गप्प झालो. हिशोब करा. पाईपचं तोंड ५ सेंटिमीटर व्यासाचं, एका रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस. आपल्याकडे हे काही नवल नाही. पाईपात साधारण २०० घनसेंटिमीटर पाणी पडलं. बंद पडलेल्या तीन सिलिंडरच्या इंजिनात बहुतेक वेळा एखादा एग्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असतो, म्हणजे पाण्याला सिलिंडरात वाट मोकळी. अडीच लिटरच्या इंजिनात पिस्टन अगदी वर आला की एका सिलिंडरात जागा उरते सुमारे ५० घनसेंटिमीटर, एक कटिंग चहा! पाणी दाबलं जात नाही. त्याहून जास्त साचलेलं असताना स्टार्टर मारलात तर कनेक्टिंग रॉड वाकतो. थोडंच असलं तर रिंगा गंजून चिकटतात.

म्हणून तोंडावर झाकण हवं, बिजागरीचं, धुराच्या जोराने उघडणारं आणि इंजिन थांबलं की पडणारं. समुद्राजवळ ती बिजागरीही गंजते, दर महिन्याला हलवून बघावी. आमचं झाकण दुसऱ्याच पावसाळ्यात उघडं राहून अडकलं. तेव्हापासून ट्रॅक्टर शेडबाहेर ठेवायचा झाला तर भाऊ पाईपवर नारळाची करवंटी पालथी घालतो. सकाळी काढायला विसरला की ती उडून माडापर्यंत जाते.

मगाशी कोणीतरी हापूसच्या बागेचं विचारलं. तिथे पाईप खालीच ठेवा. फांद्या मोडतील, मोहराला झळ लागेल. पण सायलेन्सरभोवती जाळी लावा, जानेवारीपासून रोज पातेरा काढा, आणि ट्रॅक्टर उभा करून इंजिन चालू ठेवू नका. आमचं चुकलं ते तिथेच.