रोझा पार्क्स नसलेला दावा

वकिलीत उमेदवारी करताना आमचे सीनिअर एकच घोकून घ्यायचे: दावा कुणाच्या नावाने लावायचा, ते आधी ठरव. मॉन्टगोमेरीचा बसखटला वाचताना त्यांची आठवण झाली.

१ डिसेंबर १९५५ला अलाबामातल्या या शहरात रोझा पार्क्स यांनी गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडली नाही, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. पण बसमधला वर्णभेद ज्या दाव्याने मोडला, त्यात त्यांचं नावच नाही! त्यांच्यावरचा खटला फौजदारी. दंड दहा डॉलर, वर चार डॉलर खर्च. अपील राज्याच्या कोर्टांत रखडलं असतं. म्हणून पंचवीस वर्षांच्या फ्रेड ग्रे या वकिलाने १ फेब्रुवारी १९५६ला थेट संघीय कोर्ट गाठलं आणि कायद्यालाच आव्हान दिलं. (कोवळ्या वयात ही चलाखी! मी त्या वयात तारखा मागत फिरत होतो.)

वादी बायका होत्या. एकीने माघार घेतली, चौघी उरल्या: ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅकडोनाल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट कॉल्विन. कॉल्विनला पार्क्स यांच्या नऊ महिने आधी अटक झाली होती. वय पंधरा.

५ जूनला तीन न्यायाधीशांनी दोन विरुद्ध एक असा निकाल दिला, १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. २१ डिसेंबरला कृष्णवर्णीय प्रवासी पुन्हा बसमध्ये चढले. त्यांनी बसवर टाकलेला बहिष्कार ३८१ दिवस चालला होता.

कॉल्विनची बालगुन्हेगार म्हणून असलेली नोंद मात्र पुसली गेली २०२१मध्ये. तेव्हा त्या ब्याऐंशी वर्षांच्या होत्या.