कारम : पहिलाच पावसाळा

११ ऑगस्ट २०२२. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्याच्या धरमपुरी तालुक्यात कोठीदा गावाजवळ कारम नदीवर बांधत असलेल्या धरणाला गळती लागल्याचं दिसलं. ३०४ कोटींची योजना, मातीची भिंत, आणि पाणी साठवायचा हा पहिलाच पावसाळा.

मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरतंच. पाझर नितळ आहे तोवर चिंता नसते; तो गढूळ झाला की ओळखायचं, भिंत आतून वाहू लागली. इथे तर खालच्या उतारावरची मातीच घसरत होती. पाणी झटपट काढून द्यायला पुरेशी वाट नव्हती, म्हणून भिंतीच्या कडेने चर खोदायला घेतला. पोकलेन रात्रंदिवस चालले, मध्येच कठीण खडक लागला. धारची १२ आणि खरगोनची ६ गावं रिकामी केली, लष्कर आलं. देवास-इंदूरकडून खाली उतरणाऱ्या आग्रा-मुंबई रस्त्यावरची वाहनंही थांबवली. १४ तारखेला चरातून पाणी सुटलं आणि धोका टळला.

जुन्या धरणांची आपल्याला फार धास्ती. पण १९६७च्या भूकंपात भेगा पडूनही कोयनेचं काँक्रीट उभं राहिलं. नंतर ते डागडुजी करून भक्कम केलं गेलं. पानशेतचं उलट. कारमसारखं तेही मातीचं, तेही अर्धवट कामावर पहिल्या पावसाळ्यात भरलेलं. ११ जुलै १९६१च्या रात्री जवान वाळूची पोती रचत होते. १२ तारखेला सकाळी ते फुटलं आणि खाली १८७९ पासून उभं असलेलं खडकवासल्याचं दगडी धरणही घेऊन गेलं. म्हाताऱ्याला बुडवलं ते तरण्याने!

मातीच्या भिंतीत थर घालायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मगच पुढचा थर. पावसाआधी उरकायची घाई झाली की हे दाबकामच आधी हुकतं, आणि वरून दगडांचं पिचिंग बसल्यावर दिसतही नाही.

कारमला गळती लागली तेव्हा धरण सुरक्षा कायदा लागू होऊन आठ महिनेही झाले नव्हते. आठ अभियंते निलंबित झाले. जीव एकही गेला नाही, हे खरंच मोठं. माणसं मदत छावण्यांतून परतली तेव्हा नदीकाठच्या कित्येक शेतांतली माती वाहून गेली होती. वर दगडगोटे तेवढे उरले होते.