वाद्य घेऊन परदेशी जाताना

कुंभारी गाव सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावर आहे. या भागातल्या माणसाला वाजवणे नवे नाही. मिरवणुकीत हलगी असते. लग्नात बँड असतो. भजनात पेटी आणि पखवाज असतो. सोलापुरात सुंदरी वाजते. सुंदरी म्हणजे सनईची धाकटी बहीण. आकाराने लहान, आवाजाने गोड. सोलापूरच्या जाधव घराण्याने ती पिढ्यान्‌पिढ्या जपली. पंडित सिद्राम जाधव यांनी तिचे नाव लांबवर नेले.

अशा मुलखातल्या एखाद्या तरुणाच्या मनात येते, “इथं एका सुपारीचे किती मिळतात? परदेशात जाऊन वाजवलं तर?”

विचार वाईट नाही. पुष्कळांनी तसे केले आहे. काहींचे भले झाले, काही फसले. भले कशाने होते आणि फसगत कशाने होते, ते आम्ही या पाठात सांगणार आहोत.

पगार नाही, सुपारी

परदेशात वाजवणारे बहुतेक लोक पगारी नोकर नसतात. ते सुपारीवर काम करतात. आज एका ठिकाणी वाजवले, बिदागी घेतली, उद्या दुसरीकडे. महिन्याची एक तारीख आली म्हणून हातात पैसा पडत नाही.

ही गोष्ट आपल्या बँडवाल्याला समजावून सांगावी लागत नाही. लग्नसराईत त्याला जेवायला उसंत नसते. चातुर्मास लागला की वाजंत्री खुंटीला. गणपतीत पुन्हा चार दिवस बरे जातात. परदेशातही असेच आहे. युरोपात उन्हाळ्यात संगीताचे मोठे मेळे भरतात. तेव्हा काम असते. इतर महिन्यांत काम शोधत हिंडावे लागते.

मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. इथे काम नसले तर घर असते, भाकरी असते, उसने देणारा शेजारी असतो. तिथे काम नसले तरी खोलीचे भाडे चुकत नाही.

गोव्याचे वादक

घर सोडून वाजवायला जाण्याची रीत गोव्यात फार जुनी आहे. गोव्यावर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचे राज्य होते. तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना सूर वाचायला शिकवीत. जशी आपली अक्षरे, तशी सुरांनाही चिन्हे असतात. कागदावरची ती चिन्हे पाहायची आणि तसे वाजवायचे. गोव्याची मुले लहानपणीच हे शिकत आणि हातात व्हायोलिन धरत.

पुढे ही मुले मुंबई, कराची, कलकत्ता, रंगून, आफ्रिका अशा लांबलांबच्या ठिकाणी गेली. पलटणींच्या बँडमध्ये, हॉटेलांत, बोटींवर त्यांना काम मिळाले. बोलपट आल्यावर मुंबईच्या स्टुडिओंत काम मिळाले. चांगले वाजवणारे तर इतरही होते. मग यांनाच का बोलावीत? कारण नवे गाणे पुढे ठेवले की हे ते वाचून लगेच वाजवीत. वाचता येणे हीच त्यांची भाकरी झाली.

त्यांच्यापैकी एक अँथनी गोन्साल्विस. ते गोव्यातल्या माजोर्डा गावचे. मुंबईत ते चित्रपटांसाठी व्हायोलिन वाजवीत आणि शिकवीत. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९६०-७० च्या काळात गोन्साल्विस अमेरिकेला गेले. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ हा चित्रपट आला. त्यातल्या अँथनीचे पूर्ण नाव ‘अँथनी गोन्साल्विस’ असे ठेवले आहे. शिष्याने गुरूची अशी आठवण ठेवली.

गोव्याच्या लोकांची आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. मुंबईत त्यांनी गावोगावच्या ‘कूड’ काढल्या. कूड म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून चालवलेली राहण्याची जागा. नवा माणूस आला की थोड्या पैशांत तिथे पेटी ठेवी आणि अंथरूण पसरी. कामाची बातमी तिथेच कळे. आजारी पडला तर विचारणारे गाववाले असत. परमुलखात एकटा माणूस लवकर खचतो. ओळखीचा आधार असला तर तग धरतो.

मुंबईचा मुलगा जर्मनीत

आता मुंबईतल्या एका घरातले उदाहरण पाहू. शोभा गुर्टू यांची ठुमरी तुम्ही रेडिओवर ऐकली असेल. त्यांचा जन्म १९२५ साली बेळगावात झाला. त्यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू हे तालवादक आहेत. त्यांचा जन्म १९५१ साली मुंबईत झाला. लहानपणी ते तबला शिकले. पुढे युरोपात गेले आणि जर्मनीतल्या हँबर्ग शहरात राहिले.

तिथे त्यांना तबला एके तबला करून चालले नाही. त्यांनी तबल्याजोडीला तिकडचे ड्रम घेतले. पाण्याने भरलेली बादली ठेवून तिच्यात झांजा बुडवून वाजवल्या आणि नवाच आवाज काढला. अमेरिकेतल्या ‘ओरेगॉन’ नावाच्या मंडळीत आणि जॉन मॅक्लॉक्लिन या गिटारवादकाबरोबर त्यांनी साथ केली. १९८८ साली त्यांची स्वतःची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यात आईचा आवाज आहे. म्हणजे घरची विद्या सोडली नाही, पण तिकडच्या वादकांशी जुळवूनही घेतले.

तबलावादक झाकीर हुसेन हेही मुंबईचेच. १९७० साली ते अमेरिकेला गेले. उस्ताद अल्लारखा यांच्यासारखे वडील आणि गुरू घरात होते. तरी नुसत्या मैफलींवर ते राहिले नाहीत. कॅलिफोर्नियात अली अकबर खाँ यांच्या संगीत विद्यालयात त्यांनी तबला शिकवला. २०२४ च्या डिसेंबरात ते अमेरिकेतच वारले.

ही मोठी माणसे. सगळे तसे होत नाहीत. पण त्यांचा मार्ग पाहिला तर एक गोष्ट कळते. परदेशात वादकाचे पोट एका कामावर भरत नाही. थोडे वाजवणे, थोडे शिकवणे, थोडे ध्वनिमुद्रण, थोडी साथसंगत, असे मिळून भरते. लंडनमध्ये भारतीय विद्या भवनाची शाखा १९७२ पासून आहे. तिथे तबला, गाणे, नाच शिकवतात. लंडनचे महाराष्ट्र मंडळ तर १९३२ सालचे. अशी मंडळे गणपतीला, दिवाळीला कार्यक्रम करतात. पण सण वर्षातून एकदाच येतो. दोन सणांच्या बिदागीवर बारा महिने निघत नाहीत.

तिकडचे कायदे

काही देशांनी सुपारीवर जगणाऱ्या कलावंतांची सोय केली आहे. जर्मनीत कलावंतांसाठी १९८३ पासून विम्याची योजना आहे. आजारपण आणि म्हातारपण यांसाठी हा विमा असतो. हप्त्याचा अर्धा भाग कलावंत भरतो. उरलेला अर्धा भाग सरकार आणि कलावंतांकडून काम घेणाऱ्या संस्था भरतात. फ्रान्समध्ये वादकाने १२ महिन्यांत ५०७ तास काम केल्याचे दाखवले, तर काम नसलेल्या दिवसांत त्याला भत्ता मिळतो. पण हे सारे रीतसर राहणाऱ्या आणि रीतसर काम करणाऱ्याला. चोरून वाजवणाऱ्याचे तास कोण मोजणार?

कराचेही ध्यानात ठेवावे. अमेरिकेत परदेशी कलावंताच्या बिदागीतून साधारणपणे शेकडा ३० इतका कर आधीच कापून घेतात. तेव्हा ठरलेले १०० आणि हातात पडलेले १०० एक नव्हेत.

कागद वाचा

आता सर्वांत महत्त्वाचे. परदेशी जायला दोन कागद लागतात, पासपोर्ट आणि व्हिसा. पासपोर्ट आपले सरकार देते. व्हिसा म्हणजे त्या देशाची परवानगी. तो त्या देशाचे सरकार देते. पासपोर्टचे काम सोलापुरात टपाल खात्यामार्फतही होते. त्यासाठी मुंबईला हेलपाटे नकोत.

व्हिसा कशाचा आहे ते वाचावे. पाहुणा म्हणून जाण्याचा व्हिसा वेगळा आणि काम करण्याचा वेगळा. फसवणारा दलाल म्हणतो, “दादा, आत्ता पाहुणा म्हणून चल. तिथं गेल्यावर कागद करून देतो.” इथेच पाय घसरतो. पाहुण्याच्या व्हिसावर पैसे घेऊन वाजवले तर तो त्या देशात गुन्हा ठरू शकतो. मग मालकाने बिदागी बुडवली तरी तक्रार करायची चोरी. पोलिसात गेले तर आपणच अडकतो. नाचगाण्याचे काम म्हणून बायामुलींना नेतात आणि भलत्याच कामाला लावतात, असेही घडले आहे. म्हणून घरातल्या लेकीबाळींच्या बाबतीत दुप्पट चौकशी करावी.

आपल्या देशात परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी १९८३ चा कायदा आहे. त्यात मजुरी आणि घरकाम यांबरोबर करमणुकीचे कामही धरले आहे. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर बहुधा ‘तपासणी आवश्यक’ अशा अर्थाची नोंद असते. अशा माणसाला १८ देशांत कामाला जायचे असेल, तर आधी सरकारी मंजुरी घ्यावी लागते. दुबई ज्यात आहे ती अमिराती, सौदी अरेबिया, कतार, कुवेत, ओमान, मलेशिया हे देश त्यांत येतात. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याची कचेरी मुंबईत आहे.

काहींना ही मंजुरी म्हणजे कटकट वाटते. पण ती आपल्या भल्याची आहे. मंजुरीआधी करार पाहिला जातो. त्याबरोबर प्रवासी भारतीय विमाही काढावा लागतो. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर १० लाख रुपये मिळण्याची त्यात तरतूद आहे.

दलालाकडे सरकारी परवाना असला पाहिजे. परवान्याचा क्रमांक ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. स्वतःला जमत नसेल तर शिकल्या-सवरल्या मुलाकडून पाहून घ्यावे. परवानाधारक दलालाला आपल्या सेवेसाठी ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर, यापेक्षा जास्त घेता येत नाही. लाख-दोन लाख मागणाऱ्याला दुरून रामराम करावा. दिलेल्या पैशाची पावती घ्यावी.

करारात पाच गोष्टी पाहाव्या. बिदागी किती आणि कोणत्या दिवशी? आठवड्यात किती दिवस वाजवायचे? राहण्याचा आणि जेवणाचा खर्च कोणाचा? येण्याजाण्याचे तिकीट कोणाचे? आजारी पडलो तर काय? तोंडी वचन विमानात बसेपर्यंतच टिकते. कागद टिकतो.

आणि पासपोर्ट कोणाच्या हाती देऊन बसू नये. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते. मालकाला तो दाबून ठेवण्याचा हक्क नाही. अडचण आली तर त्या देशातल्या भारतीय वकिलातीत जावे. तिचा पत्ता निघण्यापूर्वीच लिहून घ्यावा.

वाद्याचीही काळजी घ्यावी. ढोलकी, हलगी, तबला यांना कातडे असते. ऑस्ट्रेलियासारखे देश कातडे आणि लाकूड बारकाईने तपासतात. तिथे उतरल्यावर लपवू नये, आपणहून सांगावे. लपवले तर दंड होतो आणि वाद्यही जाऊ शकते.

घरचे गणित

जमीन विकून किंवा सावकाराचे कर्ज काढून जाऊ नये. सुपारीचे काम अनिश्चित, पण व्याज निश्चित. काम नसले तरी ते वाढतच राहते. सहा महिने काम मिळाले नाही तर घर कसे चालेल, हे घरच्यांना बसवून आधी मोजावे. बायकोला आणि आईवडिलांना सारे कागद दाखवावेत. त्यांची एक नक्कल घरी ठेवावी.

जाण्याआधी त्या देशाची भाषाही थोडी शिकावी. सोलापूरकडच्या माणसाला हे जड नाही. मराठी, कानडी, तेलुगू त्याच्या कानावर रोजच असतात. जो तीन भाषांत बाजार करतो, त्याला चौथी शिकता येते.

मग जावे की न जावे? आम्ही जा म्हणत नाही आणि जाऊ नका असेही म्हणत नाही. हातात विद्या असेल, बोलावणारी संस्था खरी असेल, कामाचा व्हिसा असेल, करार असेल आणि घर कर्जात बुडणार नसेल, तर खुशाल जावे. यातले एकही नसेल तर थांबावे. तोवर सराव करावा, चार पोरांना शिकवावे.

पूर्वी आपला माणूस कोणी पुढे केलेल्या कागदावर अंगठा उठवी. त्यात काय लिहिले आहे ते त्याला दुसरा सांगे. आता तुम्हाला वाचता येते. म्हणून वाद्य पिशवीत घालण्याआधी कागद वाचा. एकदा नव्हे, दोनदा वाचा. न समजलेला शब्द विचारा. सही त्यानंतर करा.