केबिनचा आवाज फोमने जात नाही

ट्रक लायनिंगला आला की मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "जाड फोम टाका, आवाज यायला नको." पैसा चुकीच्या जागी जायला इथूनच सुरुवात होते.

फोम आवाज अडवत नाही. केबिनच्या आत घुमणारा कर्कश आवाज तो थोडाफार शोषतो, इतकंच. डिझेल इंजिनाची घरघर खालच्या पट्टीतली. ती दोन इंच फोममधूनही सरळ आत येते. तिला रोखायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. अडवणाऱ्या थराचं वजन दुप्पट केलं, की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. पण त्या थराची 1 टक्का जागा जरी उघडी राहिली, तर थर कितीही जड असो, तो 20 डेसिबलहून जास्त अडवूच शकत नाही.

आपल्याकडच्या बहुतेक ट्रकमध्ये केबिन इंजिनाच्या वरच बसलेली असते. म्हणून आधी तिथे पाहा: गिअर लिव्हरचं फाटलेलं रबरी बूट, पेडलची भोकं, वायरिंग आत येते तिथलं निघालेलं ग्रोमेट, इंजिन कव्हरखालचं दबून चपटं झालेलं रबर. दरवाजाचं बीडिंग तपासायला वर्तमानपत्राची एक पट्टी पुरते. ती फटीत धरून दरवाजा लावा आणि ओढा. अलगद निघून आली, तर तिथून आवाज, धूळ आणि पावसाचं पाणी तिन्ही आत येतात.

"डॅम्पिंग शीट सगळीकडे चिकटवली पाहिजे" हाही गैरसमजच. दरवाजाच्या पत्र्यावर बोटाने टकटक करा. 'टण्ण' वाजला, तर तो पत्रा थरथरतोय. मधोमध ब्युटाइल शीटचा तुकडा लावून रोलरने नीट दाबा. तोच पत्रा आता 'ठक' वाजतो. शीटचं काम एवढंच, थरथर मारणं. पत्र्याचा पाव ते एक तृतीयांश भाग झाकला की बहुतेक फायदा मिळतो. स्वस्त पडते म्हणून काहीजण गच्चीवर घालायची डांबरी शीट वापरतात. ती एप्रिल-मेच्या उन्हात मऊ होते, वास सोडते आणि टपावरून सुटून खाली लोंबते.

खाली गालिचा टाकला की केबिन शांतही राहते आणि छानही दिसते, असं वाटतं. पावसाळ्यात चिखलाचे बूट चढले की तो पाणी धरतो. जुनं अस्तर उचलल्यावर खाली काळा, आंबूस वासाचा स्पंज निघतो आणि पत्र्याला बोट लावलं तरी गंजाची खपली सुटते. जमिनीला पाणी न पिणाराच फोम हवा. तुकडा बुडवून पिळून बघा. पाणी निघालं तर तो परत करा. पत्रा खरवडून गंजरोधक प्रायमर, मग डॅम्पिंग, मग हा फोम, सगळ्यात वर जड रबराची किंवा विनाइलची अखंड मॅट, कडा दोन-तीन इंच वर वळवलेल्या. अशी जमीन ओल्या फडक्याने पाच मिनिटांत साफ होते. दरवाजाच्या तळाशी पाणी निघून जायची भोकं असतात, ती मात्र शीटखाली बुजवू नका.

आणि कृपा करून रेक्झिन डिझेलने पुसू नका. चमक दोन दिवस टिकते, पण रेक्झिन कडक होऊन तडकतं. सौम्य साबणाचं पाणी पुरतं. प्रेशरचा पाइप आत मारला तर वायरिंगच्या जोडांत पाणी जातं.

इंजिन कव्हरवर साधा फोम कधीच नको. तो बहुधा पॉलियुरेथेनचा असतो, आणि पॉलियुरेथेन जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड सोडतो, आणि ड्रायव्हर त्याच केबिनमध्ये झोपतो. तिथे उष्णता सोसणारं, अॅल्युमिनियमचा थर असलेलंच अस्तर लावा.

"ड्रायव्हरला सवय असते" हे सगळ्यात घातक. कान सवय करून घेत नाहीत, ते बधिर होतात. 85 डेसिबलला आठ तास ही अमेरिकेतल्या नायॉश संस्थेने शिफारस केलेली मर्यादा. पुढे प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे 88 ला चारच तास.

आपल्याकडे 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे, म्हणजे त्यांच्या काचा तरी बंद ठेवता येतील. जुन्या गाड्या मात्र आहेत तशाच धावणार. तेव्हा लायनिंगला गाडी लावण्याआधी ड्रायव्हरला शेजारी बसवून विचारा, आवाज नेमका कुठून येतो. त्याला ते माहीत असतं.